हरळी लावतोय, अण्णा

"हरळी? लावतोयस?"

व्हिडिओ कॉलवर अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरून पाहिलं. मी दाखवत होतो ती टोपलीभर हरळीच होती, काशांसकट, म्हणजे जमिनीखालच्या पसरत्या खोडांसकट. शेजारी खुरपं आणि पाण्याची नळी.

"आरं, डोकं फिरलं का तुझं? हरळी काय लावायची चीज हाय व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. माण तालुक्यातल्या तीन एकरांत अण्णांनी आयुष्यभर हरळी काढली. उन्हाळी नांगरट झाली की आम्ही भावंडं ढेकळं फोडून काशा वेचायचो, बांधावर वाळवायचो आणि पेटवून द्यायचो. बोटभर काशी मातीत राहिली तरी पहिल्या पावसाला तिथून गाव वसतं, असं ते म्हणायचे. आणि आता त्यांचा शिकलेला मुलगा अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सलगतच्या चँडलर शहरात, घामाघूम होऊन परसात हरळीची लागवड करत होता. तीही एका कासवासाठी, जे अजून घरी आलंसुद्धा नव्हतं.

कासवाचा हट्ट लेकीचा. शाळेच्या सहलीत तिनं वाळवंटी कासव पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, कुत्रा नको, मांजर नको, हे हवं. मला वाटलं, आठवडाभरात विसरेल. ती विसरली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की हे कासव दुकानातून आणायची गोष्टच नाही. रानातून उचलणं गुन्हा. पण लोकांनी पाळून नंतर परत केलेली, घरातच जन्मलेली अशी पुष्कळ कासवं राज्याच्या वन्यजीव खात्याकडे, म्हणजे 'अ‍ॅरिझोना गेम अँड फिश'कडे, येऊन पडतात. ती पुन्हा रानात सोडता येत नाहीत, कारण माणसांत राहिलेल्या कासवाकडून श्वसनाचा रोग रानातल्या कासवांत पसरू शकतो. म्हणून खातं ती दत्तक देतं. आधी अर्ज, सोबत परसाचे आणि बिळाचे फोटो. पिलावळ वाढवायला मनाई.

फोटो पाठवले. फोनवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या भिंतीलगत गुलाबी फुलांची झुडपं दिसतायत, ती कसली?"

ती कण्हेर होती. फिनिक्सच्या आसपास अर्ध्या घरांच्या कुंपणाला कण्हेर असते. उन्हाला दाद देत नाही, पाणी मागत नाही, वर्षभर हिरवी. घर घेतलं तेव्हा ती पाहून मला उलट बरं वाटलं होतं. गावच्या महादेवाच्या देवळामागे अशीच होती. गावात शेळीसुद्धा कण्हेरीला तोंड लावत नाही हे मला लहानपणापासून माहीत, पण हे ज्ञान डोक्याच्या एका कप्प्यात आणि परसातली झुडपं दुसऱ्या. पान, फूल, खोड, सगळं विषारी. वाळलेलं पानही तितकंच वाईट. कासवाला शेळीची अक्कल असेलच असं नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये कण्हेर काढायला घेतली. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. फांद्या जाळायच्या नाहीत, धूरही बाधतो, म्हणून पिशव्या भरभरून कचऱ्याच्या गाडीत. बुंधे काढले तरी मुळांतून फुटवे येत राहिले. वर्षभर दर शनिवारी भिंतीकडेनं फेरी मारून फुटवे उपटणं हे माझं काम होतं. शेजारच्या अंगणातलं बकाणा निंबाचं झाडही नडलं. त्याची पिवळी फळं आमच्याकडे पडायची आणि तीही विषारी. शेजारी समजूतदार, त्यानं आमच्या बाजूची फांदी छाटून दिली.

मग जमीन. इथं वीतभर मातीखाली 'कॅलिची' लागते, चुनखडीचा घट्ट पांढरा थर. पहिल्या दिवशी फावडं मारलं तर ठणकन आवाज आला आणि दांडा मनगटात झणझणला. दुसऱ्या दिवशी पहार आणली. खड्डा करायचा, पाणी भरायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पहारीनं चार बोटं आणखी खाली. एका खड्ड्यात दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच होतं, तो सोडून दिला. मुळं कुजली असती. अण्णांना फोनवर तो पांढरा ढेकूळ दाखवला तर म्हणाले, "हे आपल्याकडं इहिरीत लागतं." बिळाचं काम त्याच खड्ड्यांत उरकलं: काँक्रीटचे ठोकळे, वर जाड फळी, त्यावर दीड-दोन फूट माती, तोंड असं की दुपारचं ऊन आत शिरू नये.

एवढा खटाटोप कशाला, बाजारातून पाला आणून घाल की, असं बायको म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. पण जनावरांच्या डॉक्टरनं समजावलं त्याचा अर्थ मला शेतकऱ्याच्या घरातला म्हणून लगेच कळला. या कासवाला तंतू भरपूर लागतात, प्रथिनं कमी, कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस त्याहून कमी. थोडक्यात, दुष्काळातला चारा. बाजारातली लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं. फळं गोड, त्यांनी पोट बिघडतं. पोळी, भात, कुत्र्याचं खाणं, काही नको. त्याला तण हवं.

तण उगवायला अक्कल लागत नाही असं मला वाटायचं.

पहिला धडा डेझर्ट ग्लोबमॅलोनं दिला. इथलं रानटी झुडूप, वसंतात केशरी फुलांनी भरतं. फूल पाहिलं की भेंडीची आठवण यावी, आणि ते त्याच कुळातलं, भेंडी-जास्वंद-कापसाच्या. ऑक्टोबरात चिमूटभर बी ट्रेमध्ये पेरलं. तीन रोपं आली. बियांचं कवच इतकं कडक की पाणी आत जात नाही. दुसऱ्या वेळी बी दोन पॉलिश पेपरांच्या मध्ये धरून हलक्या हातानं घासलं, रात्रभर भिजवलं. निम्म्याहून जास्त उगवलं. रोपं चार पानांची झाल्यावर जमिनीत लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळी जमिनीलगत कातरलेली. ससे! फाटकाखालच्या फटीतून येत होते. मग फटीला जाळी आणि प्रत्येक रोपावर एक पालथी प्लास्टिकची टोपली, वर दगड. दोन महिने आमचं परस धुणं वाळत घातलंय की काय असं दिसत होतं. एक सांगायचं राहिलं, या झुडपाच्या पानांवर बारीक लव असते. हात लावून तोच डोळ्याला लावू नये. मी लावला.

निवडुंग त्यामानानं गुणी. मेक्सिकन किराणा दुकानात फड्या निवडुंगाची पानं भाजी म्हणून विकतात, 'नोपालेस'. सोललेली नको, अख्खी घ्यायची. चार आणली, सावलीत ठेवली आणि कापलेली कड वाळून खपली धरेपर्यंत दोन आठवडे हात लावला नाही. ओली कड मातीत गेली की कुजते. मग एक तृतीयांश जमिनीत, आणि पाणी नाही. पाणी घालायचं नाही, हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं. पाचव्या आठवड्यात पानाच्या काठावर अंगठ्याएवढी हिरवी पालवी आली. बिनकाट्याची जात म्हणतात तिलाही बारीक कुसळं असतातच, ती बोटात गेली की दोन दिवस जाणवतात. म्हणून पान तोडलं की चिमट्यात धरून गॅसवर पापडासारखं फिरवतो. तडतड आवाज येतो, कुसळं जळतात.

पुढच्या हिवाळ्यात त्या पानांवर पांढरा कापूस दिसला. बुरशी समजून बोटानं चिरडला तर बोट लालभडक. कोचिनिअलचे किडे. जुन्या काळी याच किड्यांपासून किरमिजी रंग काढायचे. औषध मारता येत नव्हतं, कारण तेच कासवाच्या पोटात जाणार. नळीच्या जोराच्या फवाऱ्यानं धुऊन काढले. तेवढ्या वेळात लेकीनं काडी बुडवून कागदावर एक लाल कासव काढलं, ते अजून फ्रिजवर आहे.

जास्वंदीत मात्र फसलो होतो. रोपवाटिकेतून टपोऱ्या फुलांचं झाड आणलं, कुंडीच्या मातीत पिवळसर मणी दिसले ते अंडी वाटली. ते सावकाश विरघळणारं खत होतं, आणि पांढरे हलके खडे परलाइटचे. कासव दोन्ही गिळतं. शिवाय अशा झाडांवर आधी काय फवारलंय हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं, आणि काही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनून पाना-फुलांत महिनोन् महिने राहतात. झाड उपटलं, मुळं बादलीत धुतली, साध्या मातीत लावलं आणि पुढचे कित्येक महिने जुनी पानं आणि आलेलं प्रत्येक फूल खुडून फेकलं. बायको हळहळायची. तेव्हापासून मी रोप आणतच नाही, बी नाहीतर फांदी आणतो. तुतीची काडी एका सहकाऱ्यानं दिली, डेझर्ट विलो या इथल्या फुलझाडाचं बी रस्त्याकडेच्या वाळक्या शेंगांतून मिळालं.

आणि हरळी. कालव्याकाठी वाटेल तेवढी होती, पण तिथं काय फवारतात कोण जाणे. हिरवळीच्या जमिनींवर तर तणनाशक ठरलेलंच. शेवटी क्वीन क्रीककडे घोडे पाळणाऱ्या एका मित्राच्या आवारातली आणली, तो काहीच मारत नाही. मे महिन्यात, जमीन तापल्यावर, काशा वीत-वीत तोडून आडव्या सरीत टाकल्या, वर दोन बोटं माती, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. अकराव्या दिवशी हिरव्या सुया. त्या पाहून आनंद झाला आणि लगेच कसंतरीही वाटलं. लहानपणी हेच दृश्य दिसलं की घरात शिव्या ऐकू यायच्या.

ऑगस्ट २०२२ च्या सुरुवातीला धोंडू आला. साडेतीन किलो, नर, वय कुणालाच नक्की माहीत नाही. नाव लेकीनं ठेवलं, कारण बिळासमोर बसला की धोंडाच वाटतो. उचलू नका, असं बजावून दिलं होतं. घाबरला की मूत्राशयातलं पाणी सोडून देतो, आणि वाळवंटात तोच त्याचा पाण्याचा साठा असतो.

पहिले दोन दिवस बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हरळीत उभा. मान पुढे काढली, एका पात्याकडे बराच वेळ पाहिलं, तोंड उघडलं (आत गुलाबी जाड जीभ), पातं पकडलं आणि मान मागे खेचली. टर्र! माझ्या कानाला तो आवाज गाईच्या चरण्याचाच वाटला, फक्त बारीक. मी उकिडवा बसून तासभर पाहत राहिलो आणि ऑफिसची मीटिंग चुकली.

चार दिवसांत त्यानं ग्लोबमॅलोची तीन झुडपं मोडली. खाल्ली कमी, तुडवली जास्त. समोर काही आलं की वळसा घालायचा हे त्याच्या डोक्यात नाही, रणगाड्यासारखा सरळ जातो. मग परसाचे विटांनी दोन भाग केले. पंधरा दिवस एकीकडे चराई, तोवर दुसरीकडे फुटवा. गावातली कुरणं अशीच राखायचे. शिवाय लाल-गुलाबी दिसलं की तो धावतो, कासवाला धावता येतं तितपत. डेझर्ट विलोची गळालेली फुलं, जास्वंद, आणि एकदा बायकोच्या पायाची लाल नखं. त्या दिवसापासून परसात बूट घालूनच जायचं, असा नियम झाला.

महिन्याच्या शेवटी, ३१ ऑगस्टला, गणेश चतुर्थी. दरवर्षी दूर्वांसाठी कुणाच्या तरी हिरवळीत चोरून शिरावं लागायचं, या वेळी घरच्या, कारण हरळी म्हणजेच दूर्वा. लेक तीन-तीन पात्यांच्या दूर्वा खुडून एकवीसच्या जुड्या बांधत होती आणि धोंडू मागून येऊन तिच्या ताटलीतलीच ओढत होता.

"बाबा, उष्टी चालते का गणपतीला?"

मी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "देवळात कासव कुठं असतं? देवाच्या आधी, दारात. त्याला आधी मिळालं तर बिघडलं कुठं?" जास्वंदीला फूल एकच होतं. ते गणपतीला वाहिलं, दुसऱ्या दिवशी निर्माल्य धोंडूला.

पावसाच्या दोन सरींनंतर आपोआप घोळ उगवली. आईच्या हातची घोळीची भाजी आठवली आणि निम्मी आम्हीच खाल्ली. धोंडूला ती थोडीच देतो, तिच्यातही ऑक्झॅलिक आम्ल असतं. पण तिच्याच शेजारी, तशीच जमिनीला चिकटून, तांबूस देठांचं छोटी दुधी नावाचं तण उगवतं. वरून पाहिलं तर फसायला होतं. देठ मोडून पाहायचा. पांढरा चीक आला की दुधी, फेकून द्यायची. हे काम लेक करते, माझ्यापेक्षा तिची नजर चांगली. पावसानंतर उगवणाऱ्या छत्र्याही सकाळी सकाळी काढाव्या लागतात.

ऑक्टोबरात त्याची भूक आपोआप उतरली आणि तो बिळात जाऊन बसला तो मार्चपर्यंत. हरळीही तेव्हाच पिवळी पडून झोपली. थंडीत मात्र पाथरीची इथली चुलतबहीण, सो थिसल, माजते, आणि खाणारा झोपलेला असतो. मार्चमध्ये उठला तेव्हा तिचीच शेवटची पानं हिरवी होती. आधी उथळ पाटीत कोमट पाण्यात बसवलं, खूप पाणी प्याला, मग ती खाल्ली.

२०२३ चा जुलै मी विसरणार नाही. ३० जूनपासून ओळीनं ३१ दिवस फिनिक्सचा पारा ४३ अंशांच्या वर. रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर गरम. ग्लोबमॅलो वाळून काड्या झाल्या. जास्वंदीनं पानं टाकली. निवडुंगसुद्धा सुरकुतून पिवळा पडला. त्या उन्हाळ्यात शहरातले जुने सग्वारो निवडुंग कोलमडल्याच्या बातम्या येत होत्या. माझ्याकडे शेडनेट नव्हतं आणि दुकानांतलं संपलेलं. बायकोनं ट्रंकेतून तिच्या आजीच्या दोन जुन्या नऊवारी काढल्या. चार खांबांना बांधल्यावर एकेका साडीखाली केवढी सावली! सुती असल्यानं हवाही खेळती. शेजारी विचारायला आला की काही समारंभ आहे का.

पाऊस त्या वर्षी नावालाच झाला. मी रोज संध्याकाळी आकाशाकडे बघायचो आणि अण्णा तिकडून विचारायचे, "वळवानं हुलकावणी दिली का?" तगली ती फक्त हरळी. वरून वाळून कुरकुरीत, पण पहाटे नळीचं पाणी मारलं की दोन दिवसांत पुन्हा हिरवी. धोंडू पहाटे अर्धा तास येऊन तेवढीच खाऊन आत जायचा. आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत होतो. (हो, उचलावं लागतंच, पण पोटाखाली दोन्ही हात देऊन, सावकाश.) पूर्ण महिन्यात फक्त साठ ग्रॅम उतरलं.

हे वाचून गावाकडच्या कुणाला कासव पाळावंसं वाटलं तर एक सांगतो. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं कासव वास्तूसाठी शुभ म्हणून चोरून विकतात. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. आमच्या गल्लीत एका घरी होतं, पाण्याच्या टबात ठेवलेलं. जमिनीवरचं कासव पाण्यात. मी लहान होतो, त्याला बिस्कीट घालायचो.

एप्रिल २०२४ मध्ये अण्णा आले. विमानाचा शीण उतरायच्या आत पहाटे उठून परसात गेले. खिडकीतून पाहिलं तर पायरीवर उकिडवे बसून दोन्ही हातांनी हरळी उपटत होते. तुळशीच्या आळ्यात ती घुसली होती. मी धावत गेलो.

"हात आपोआप जातो रं," ते म्हणाले. समोर उपटलेल्या हरळीचा ढीग आणि ढिगाच्या पलीकडे धोंडू, मान काढून वाट बघत. अण्णांनी एक मूठ झटकून माती काढली आणि त्याच्यापुढे टाकली. तो खायला लागला. ते बघत राहिले. मग उठून कडेला ठेवलेला माझा विळा घेतला आणि कुरणाच्या कडेनं, जमिनीच्या दोन बोटं वरून, हरळी कापायला लागले.

महिनाभर रोज पहाटे तेच. मी एकदा घाईत मूठभर उपटून टाकली तर मागून आवाज आला,

"मुळासकट काढू नगंस. कापून घाल. परत फुटाय पायजे."